शिवेवरचा साक्षी

हर्णे बंदरात दुपार कलली की होड्या लागू लागतात, आणि किनारा उथळ असल्यामुळे दूरवरच नांगरलेल्या त्या होड्यांकडे पाण्यातून बैलगाड्या जातात. बैलांच्या पोटाला लाट लागते, गाडीतल्या टोपल्या बांगड्याने, सुरमईने, म्हाकुलाने भरतात, आणि वाळूवर ढीग पडताच लिलावाला तोंड फुटते. त्या गलक्यात घटकाभर कान देऊन उभे राहावे. पाजपंढरीच्या कोळणीचा स्वर वेगळा, मोहल्ल्यातल्या मुसलमान व्यापाऱ्याची बोली वेगळी, घाटावरून माल भरायला आलेल्या गाडीवाल्याची वेगळी. आणि जाळी आवरीत बसलेल्या खलाश्यांत कोणी होन्नावरकडचा असतो, कोणी आंध्रातला, तर अलीकडे ज्याने मिसरूड फुटेपर्यंत समुद्र पाहिलाही नसेल असा नेपाळीही असतो. हा शेवटचा परदेशी खरा. पण १९५० च्या भारत-नेपाळ मैत्रीच्या तहामुळे येथे राहून पोट भरण्यास त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. उलट मलपीचा ट्रॉलर, ज्याचा तांडेल तुमच्याआमच्यासारखाच या देशाचा नागरिक, तो बारा सागरी मैलांच्या आत दिसला की बंदरावर ‘परप्रांतीय आले’ अशी आरोळी उठते. ती अगदीच निराधार असते असे नाही, कारण त्या बारा मैलांतल्या मासेमारीचे नियमन राज्याकडे आहे आणि महाराष्ट्राने त्यासाठी १९८१ मध्ये कायदाही केला आहे. तरीपण आपला कोण आणि परका कोण याचे उत्तर वाळूवर एक मिळावे आणि पाण्यात दुसरे, ही गोष्ट मला बसल्या बसल्या बेचैन करते.

समोर सुवर्णदुर्ग उभा आहे. याच्या तटासमोरून जाणाऱ्या गलबताला एके काळी आंग्र्यांचे दस्तक जवळ बाळगावे लागे, तर दक्षिणेकडे पोर्तुगीज आपले कार्ताज मागत. समुद्रावर रेघ ओढता येत नाही म्हणून दोघांनीही कागदावर ओढली. १७५५ च्या एप्रिलात कमोडोर जेम्सने हा किल्ला घेतला तो पेशव्यांशी संगनमत करून, म्हणजे मराठी आरमाराविरुद्ध मराठी सत्तेनेच इंग्रजाचा हात धरला, आणि राष्ट्रीय अस्मिता ही सनातन वस्तू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या खडकाकडे एकवार शांतपणे पाहावे. २००८ च्या नोव्हेंबरात पोरबंदरची ‘कुबेर’ ही होडी पळवून मारेकरी मुंबईत उतरले, तेव्हापासून समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमाराकडे अंगठ्याच्या ठशासकट ओळखपत्र असावे असा दंडक आला. दस्तक, कार्ताज आणि हे कार्ड ही एकाच कुळातली मंडळी आहेत.

‘हा माणूस अमुक देशाचा’ हे विधान नेमके कोणत्या जातीचे सत्य आहे? ‘हा माणूस सावळा आहे’ यासारखे ते आहे काय, ‘हा अमक्याचा मुलगा आहे’ यासारखे आहे काय, की ‘हा अमक्याचा देणेकरी आहे’ यासारखे आहे? पहिले डोळ्यांना दिसते, दुसरे गोतावळा सांगतो, तिसरे खतावणीवाचून सिद्ध होत नाही. आपण व्यासपीठावरून पहिल्यासारखे बोलतो, अंतःकरणात दुसऱ्यासारखे अनुभवतो, आणि कचेरीच्या खिडकीपुढे मात्र तिसऱ्यासारखे सिद्ध करीत उभे राहतो. जो देशाच्या मध्यभागी राहतो त्याला या तिहींतला भेद जन्मभर जाणवत नाही. जो शिवेवर राहतो त्याला तो रोज सकाळी दारात भेटतो.

माझी वेणूआत्या अशा शिवेवर राहत असे. तिचे लग्न होऊन ती निपाणीकडे गेली तेव्हा निपाणी मुंबई राज्यात होती आणि हर्णेही मुंबई राज्यात होते, त्यामुळे ‘मुलगी लांब दिली’ यापलीकडे आमच्या आजीची तक्रार नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, त्याच घरात, त्याच चुलीपुढे बसल्या बसल्या आत्या म्हैसूर राज्यात गेली. १९६० च्या १ मेला आम्ही, तितकेच न हलता, महाराष्ट्रात आलो. आणि १९७३ च्या नोव्हेंबरात म्हैसूरचे नाव बदलले तेव्हा ती कर्नाटकात पोचली. एवढा प्रवास तिने केला, पण तंबाखूचे रान जागचे हलले नाही. पुढे ती गमतीने म्हणायची, की मी तीन राज्ये पाहिली आणि तिकीट एकाचेही काढले नाही.

सीमेचे भांडण हा आधुनिक राज्यांचा शोध आहे असे वाटण्याचा संभव आहे, म्हणून थोडे मागे जातो. दापोलीच्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या पांडुरंग वामन काण्यांनी धर्मशास्त्राचा जो पाच खंडांचा इतिहास लिहिला त्यातील तिसऱ्या खंडात व्यवहाराचे, म्हणजे खटल्यांच्या कायद्याचे, विवेचन आहे. आणि मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी सीमाविवाद हे एक स्वतंत्र पद आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, आणि ज्याचे दहन होण्यास पुरेसे कारण त्या ग्रंथानेच पुरवले होते, त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात हा मजकूर आहे, हे मी विसरलेलो नाही. पण जाळण्याजोग्या ग्रंथातही एखादे पान वाचण्याजोगे निघते. तेथे सांगितले आहे की दोन गावांच्या शिवेचा तंटा ज्येष्ठ महिन्यात तोडावा, कारण त्या वेळी गवत वाळलेले असते आणि खुणा उघड्या दिसतात. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर असे चिरायू वृक्ष लावावेत. आणि माणसाला शिवेच्या बाबतीत नेहमी भ्रम होतो हे ओळखून जमिनीखाली गुप्त खुणाही पुराव्यात: दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे, वाळू, म्हणजे जे काळाने कुजत नाही ते. खुणांवरूनही निवाडा न झाला तर साक्षीदार बोलवावेत. त्यांनी तांबडी वस्त्रे नेसावीत, गळ्यात माळा घालाव्यात, मस्तकावर माती घ्यावी, आपापल्या पुण्याची शपथ वाहावी आणि शीव दाखवावी. शेजारगावचे प्रतिष्ठित साक्षीदार मिळाले नाहीत तर कोणाला विचारावे याची यादी दिलेली आहे, आणि ती वाचताना मी थबकलो: पारधी, पाखरे धरणारे, गुराखी, कंदमुळे खणणारे, गारुडी, सांडलेले धान्य वेचणारे, आणि त्यांच्यात कैवर्त. कैवर्त म्हणजे मासे मारणारा. न्यायसभेत ज्याला एरवी कोणी आसन दिले नसते त्याला, शिवेचा प्रश्न आला की, बोलावणे जाई. कारण ती शीव पायांखाली तुडवणारा तोच एक होता.

आमच्याकडेही मराठेशाहीत शिवेच्या तंट्यांत डोक्यावर माती घेऊन शीव चालून दाखवण्याचे दिव्य पुष्कळदा महाराने केले आहे. गोतसभा बसे, महजर होई, आणि तो चालला ती शीव ठरे. ज्याचे घर वेशीबाहेर, ज्याला गावच्या पाणवठ्यावर मज्जाव, त्याच्याच पावलांवरून गावाने आपली हद्द ओळखावी, यातला क्रूर विनोद कोणाच्या ध्यानात आला असेल असे दिसत नाही. साक्षीदाराला हक्क नव्हता. पण त्याला विचारले जात होते, एवढी गोष्ट मला येथे टिपून ठेवायची आहे, कारण पुढे मामला उलटा झाला: हक्क आले आणि विचारणे थांबले.

शिवेच्या तंट्यांचा आधुनिक कारभार एका माणसाच्या चरित्रात जवळजवळ सगळा सापडतो. मेहरचंद महाजन हे १९४७ मध्ये पंजाबच्या सीमा आयोगावर होते. त्या आयोगावरचे चार न्यायाधीश दोन विरुद्ध दोन असे फुटले, आणि ८ जुलैला या देशात प्रथमच पाय ठेवलेल्या रॅडक्लिफसाहेबाने एकट्याने जी रेघ ओढली ती १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य येऊन दोन दिवस झाल्यावर, लोकांना कळली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काश्मीर संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा तेथील दिवाणगिरी महाजनांकडेच होती. १९५४ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले. आणि १९६६ च्या ऑक्टोबरात, महाराष्ट्राचा आग्रह होता आणि सेनापती बापट उपोषणाला बसले होते म्हणून, महाराष्ट्र-म्हैसूर सीमेचा आयोग केंद्राने नेमला तोही याच महाजनांचा. लाहोर, श्रीनगर आणि बेळगाव या तिन्ही गाठी एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या. १९६७ च्या ऑगस्टात त्यांचा अहवाल आला: निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावे महाराष्ट्राला, जत, अक्कलकोट, सोलापूरकडची २४७ गावे म्हैसूरला, बेळगाव होते तेथेच. आयोग आम्हीच मागितला होता, आणि अहवाल आम्हीच फेटाळला. फेटाळण्यास कारणे होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये जिल्हा हे माप धरून, चंदगड तेवढे वगळून, बेळगाव जिल्हा कर्नाटकाकडे दिला, तेव्हा खेडे हे माप धरा, सलगता पाहा, बहुसंख्या पाहा अशी आमची मागणी होती आणि ती तर्काला धरून होती. परंतु ज्या पंचाला आपण बोलावून आणले त्याचा निवाडा अर्धवटही न पाळण्याने आपली नैतिक बाजू किती लंगडी पडली, याचा हिशेब मराठी वृत्तपत्रांनी क्वचितच मांडला आहे. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यात ८६५ गावांवर हक्क सांगितलेला आहे.

ही सारी माणसे मोजण्याची भाषा आहे. अमुक गावी मराठी इतके टक्के, तमुक गावी कानडी तितके. जनगणनेचा कारकून दारात येतो, मातृभाषा विचारतो, रकाना भरतो आणि जातो. तुला कोणत्या कचेरीत कशाची अडचण पडते, हे विचारण्यास त्याच्या तक्त्यात जागा नाही. मनूच्या साक्षीदाराच्या डोक्यावर माती होती. आता डोकेच मोजले जाते.

साक्षी या शब्दापाशी वेदान्त आणि व्यवहार एकमेकांना भेटतात, आणि आपल्या पंडितांनी या भेटीचा फारसा उपयोग केलेला नाही याचे मला नवल वाटते. एकाच झाडावर दोन पाखरे बसलेली आहेत, एक फळ खाते आणि दुसरे न खाता नुसते पाहते, हा उपनिषदातला दाखला सर्वांच्या ऐकण्यातला आहे. त्या पाहणाऱ्याला वेदान्ती साक्षी म्हणतो. देह, नाव, कूळ, गाव या त्याच्या लेखी उपाधी: घट फुटला की घटातले आकाश आणि बाहेरचे आकाश एकच. या दृष्टीने राष्ट्र हीही एक उपाधीच ठरते, मोठ्या घेराचा एक घट. येथपर्यंत माझे काही म्हणणे नाही. परंतु येथून पुढे जाऊन ‘मग सीमेसाठी भांडता कशाला, सारी वसुधाच कुटुंब माना’ असा जो उपदेश केला जातो, तो करणारा मनुष्य बहुधा आपला उतारा आपल्या लिपीत वाचत असतो. घट मिथ्या असेल; पण दुसऱ्याच्या घटात कोंडलेल्याला तो मिथ्या आहे असे सांगण्याचा अधिकार घटाबाहेरच्याला नाही. उपाधी सोडण्याचा हक्क ज्याची उपाधी त्याचा. आपण त्याची उपाधी हिसकावून घेतली तर त्याला वैराग्य म्हणत नाहीत, त्याला जप्ती म्हणतात.

पंढरीच्या देवाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. ज्ञानेश्वरांनी त्याला कानडा म्हटले ते लाडाने, दोष म्हणून नव्हे. पंढरपुरात १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराचा शिलालेख आहे आणि त्यात त्या क्षेत्राचे नाव ‘पंडरगे’ असे आहे. आणि पुरंदरदासांनी तर आपली नाममुद्राच विठ्ठलाच्या नावाने केली. देवाने आपले कानडेपण टाकले नाही आणि मराठीपण नाकारले नाही. त्याच्या दर्शनबारीत अजून तरी अधिवासाचा दाखला मागत नाहीत. मात्र त्याच्याच भक्तांना आणणाऱ्या गाड्यांना कधी या बाजूला, कधी त्या बाजूला काळे फासले जाते, आणि चार दिवस दोन्ही राज्यांच्या एस. ट्या सीमेवरून परत फिरतात.

गोव्याची गोष्ट या संदर्भात नेहमी निघते, म्हणून ओझरती सांगतो. आमच्या हर्ण्यातही एक गोवा किल्ला आहे, कनकदुर्ग आणि फत्तेगड यांच्या पंक्तीत बसलेला. पण खऱ्या गोव्यातले लोक २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक झाले ते पुढच्या वर्षी निघालेल्या एका हुकमान्वये, आणि ज्यांना नको असेल त्यांना नकार कळवण्यास एक महिन्याची मुदत होती. पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी त्यांना विचारले गेले, महाराष्ट्रात येता काय. आणि त्यांनी ३४ हजारांच्या फरकाने नाही म्हटले. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते फार लागले. मला मात्र त्यात एक गोष्ट दिसते जी बेळगावच्या, निपाणीच्या, किंवा उलट बाजूने जतच्या माणसाच्या वाट्याला कधी आली नाही: त्यांना विचारले गेले.

जतचे नाव घेतले ते मुद्दाम. अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर येथील कानडी भाषकाला महाराष्ट्रात काय मिळते, याची चौकशी केल्यावाचून निपाणीच्या मराठी भाषकाचे गाऱ्हाणे मांडणे म्हणजे एका पारड्यावर हात ठेवून तराजू धरणे होय. पाणी मिळत नाही म्हणून जत तालुक्यातल्या गावांनी ‘आम्ही कर्नाटकात जातो’ असा ठराव केला, तेव्हा आपल्याला प्रथम आठवण झाली की तेथेही शीव आहे. संविधानाने भारतात नागरिकत्व एकच ठेवले. राज्याचे वेगळे नागरिकत्व आपल्याकडे नाही. ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे कोणालाही आपले गाऱ्हाणे राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे मांडता येते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर आली आणि भाषिक अल्पसंख्यांसाठी एक विशेष अधिकारीही आला. म्हणजे कागदावर, रेघ कोठूनही गेली तरी माणसाचे काही बिघडू नये. हक्क हा अरबीतून आलेला शब्द आहे, आणि मुळात त्याचा अर्थ सत्य असा आहे. अधिकार या संस्कृत शब्दाचा मीमांसकांच्या परिभाषेतला अर्थ, कर्म करण्याची व त्याचे फळ भोगण्याची पात्रता. सीमेवरच्या माणसापाशी अधिकार भरपूर आहेत. हक्काच्या मूळ अर्थाने पाहू गेल्यास मात्र, त्याच्या कागदावर जे लिहिलेले आहे ते सत्य आहे काय, हे त्यालाच वाचता येत नाही.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात बेळगावकडे गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतरच्या वर्षी शिमग्याला आत्या आमच्याकडे आली. यजमान जाऊन तिला वर्ष झाले होते. गावची पालखी आमच्या अंगणात नाचून गेली, गुलालाने ओटी माखली, आणि मग तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. निघताना पोस्टमनने वाटेत हातात दिला होता. सगळा कानडी, वळणावळणांचा, माळेत मणी ओवावेत तसा. त्यातला शिक्का आणि तारीख एवढेच मला समजले. घरात कोणाला वाचता येईना, गावातल्या मास्तरांना येईना. शेवटी मी तिला घेऊन बंदरावर गेलो.

होन्नावरकडचा एक खलाशी उलट्या टोपलीवर बसून जाळ्याचे डोळे सांधत होता. त्याने हात लुंगीला पुसले, कागद उन्हात धरला आणि म्हणाला, ‘‘अज्जी, ही जमिनीची नोटीस आहे.’’ आत्या त्याच्याशी कानडीत बोलू लागली. मी तिला कानडी बोलताना तोवर कधी ऐकलेच नव्हते. बाजारात शिकलेली ती भाषा असेल, पण तिच्या तोंडी ती मऊ वाटत होती, आणि आमच्याशी बोलताना असतो तो खवचट चढ तिच्यात नव्हता. तीस वर्षे आम्ही तिला ‘कानडी मुलखात अडकलेली’ म्हणत आलो. ती तेथे नुसती अडकलेली नव्हती, थोडी रुजलीही होती, हे मला त्या टोपलीपाशी कळले. तरीही तोच मुलूख तिला तिच्या रानाबद्दल जे लिहीत होता ते तिला वाचता येत नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि आमच्या सभांतून मात्र प्रत्येक बाजूने यातली एकेकच निवडून घेतली होती.

नोटिशीत असे होते, की मयताच्या जागी वारस म्हणून वेणू याचे नाव लागत आहे, नाते मुलगा. हरकत असल्यास अमुक तारखेच्या आत कळवावी. तिकडे वेणू हे पुरुषाचे नाव. मुदत संपायला चार दिवस होते. खलाशी म्हणाला, मी कानडीत लिहून देतो. आत्या म्हणाली, अर्ज मी मराठीतच करणार, माझी सही मराठीत आहे. बराच वेळ दोघांची हुज्जत चालली; मग तोड निघाली ती अशी, की अर्ज मराठीत, आणि पाकिटावरचा पत्ता त्याने कानडीत लिहावा, म्हणजे पोचेल तरी. त्याने मासळीचा वास लागलेल्या बोटांनी जपून पत्ता लिहिला. आत्याने त्याला पैसे देऊ केले; त्याने घेतले नाहीत. तिने मग पानाचा डबा उघडून त्याला पान करून दिले.

उत्तर आले तेव्हा आत्या पुन्हा आमच्याकडेच होती, गणपतीला. पुन्हा बंदर, पुन्हा खलाशी, या खेपेस दुसराच. अर्ज मान्य झाला होता. ‘मुलगा’ खोडून ‘पत्नी’ अशी दुरुस्ती झाली होती. मात्र ती करताना मयताच्या नावातले एक अक्षर बदलले होते, आणि त्या नावाचा कोणी मनुष्य त्या गावात कधी झालेला नव्हता.

मी चिडून उठलो आणि आता वरपर्यंत लिहितो म्हणालो. आत्या ओटीवर सुपारी कातरीत होती. अडकित्ता हा शब्दही कानडीतूनच आलेला आहे, हे मी तिला सांगणार होतो, पण त्या वेळी राहिले.

‘‘बस रे खाली,’’ ती म्हणाली. ‘‘बायको तर झाले. आता तेवढी दुसऱ्याची आहे, एवढंच ना? लिही त्यांना.’’